हात पोचला पाहिजे

माझी उंची पाच फूट एक इंच. काइटसर्फिंगच्या हार्नेसच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, हुकात बार अडकवला, हात पूर्ण ताणला, की वरच्या दोरीवर माझी मूठ घट्ट बसते ती हुकापासून ५८ सेंटिमीटरवर. माझ्या पहिल्या बारवर ट्रिमची दोरी ओढायचा रबरी गोळा होता ६६ सेंटिमीटरवर. मधले आठ सेंटिमीटर मी बार विकत घेताना मोजले नाहीत. मोजायचे असतात हेच मला ठाऊक नव्हतं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं नाही, विकणाऱ्याने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मी मूळची येवल्याची. संक्रांतीचे तीन दिवस आमचं गाव गच्चीवर असतं. फिरकी नाही, आमच्याकडे आसारी. आसारी बाबांच्या हातात आणि मी शेजारी. पतंगाचं मंगळसूत्र, म्हणजे पतंगाला बांधायचा तो दुहेरी धागा, बाबा स्वतः बांधायचे. वारा चढला की वरचा धागा गाठीभर आखूड करायचे. पतंग पुढे झुकायचा आणि हाताला ओढ कमी लागायची. वारा पडला की उलट. काइटच्या ट्रिमबद्दल पुढे जे काही शिकले ते सगळं या एका गाठीत होतं. पण हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

काइटसर्फिंग मी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शिकले, गोव्यात, मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर. फेब्रुवारी ते मे तिथे दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. बहुतेक दिवशी बारा ते सोळा नॉट. नवशिक्याला पुरेसा आणि फारसा न घाबरवणारा. पुण्याहून रात्रीच्या बसने जायचं, दोन दिवस पाण्यात घालवायचे आणि सोमवारी सकाळी ऑफिसला यायचं, असं मी दोन मोसम केलं.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायात फळी असते, वर हवेने फुगवलेली काइट. तिला साधारण बावीस मीटरच्या चार लाइन. मधल्या दोन काइटच्या पुढच्या कडेला जातात, सगळा भार त्या घेतात. बाजूच्या दोन मागच्या कोपऱ्यांना जातात, त्यांनी वळवायचं. हातात आडवी दांडी, तो बार. बार अंगाकडे ओढला की काइटची मागची कड खाली येते आणि ताकद वाढते. बार दूर ढकलला की ताकद कमी. ही झाली क्षणाक्षणाची ढील आणि खेच. ट्रिम म्हणजे त्याच्या मागचं कायमचं बसवलेलं माप. ट्रिमची दोरी ओढली की मधल्या दोन लाइन आखूड होतात, काइट पुढे झुकते आणि एकूण ओढच उतरते. बाबांनी वरचा धागा आखूड केला की व्हायचं तेच.

फुगवायच्या काइटचं पेटंट फ्रान्सच्या ब्रुनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये घेतलं. सुरुवातीच्या काइटमध्ये बारने ताकद फारशी कमी करता यायची नाही. २००५ च्या सुमाराला बो काइट बाजारात आल्या आणि बार सोडून जवळजवळ सगळी ओढ काढता येऊ लागली. आमचे गोव्याचे प्रशिक्षक हे आवर्जून सांगायचे. त्यातून मी मनात एक चुकीची गोष्ट धरली. बार सोडला की काइट शांत होते, मग ट्रिमचं काय मोठंसं, असं मला वाटायला लागलं.

शाळेचे बार जुने होते. ट्रिमला पट्टा होता, खाली ओढला की झालं. शिकत होते तोवर ते काम बहुतेक वेळा प्रशिक्षकच किनाऱ्यावर करून द्यायचे. "ताई, अर्धा ओढून ठेवलाय, तसाच राहू द्या," म्हणायचे. मी तसाच राहू द्यायची.

मार्च २०२३ मध्ये मी स्वतःचा संच घेतला. मोसम संपवून मायदेशी निघालेल्या एका परदेशी पाहुण्याचा होता. नऊ मीटरची काइट, बार, पंप, सगळं मिळून बासष्ट हजार रुपयांना. काइट चांगली होती, आजही वापरते. बार दिसायला नव्यासारखा होता. ट्रिम क्लीटचा. क्लीट म्हणजे धातूची दातेरी खाच. तिच्यात हलणारं काही नसतं. दोरी ओढून खाचेत बसवली की तिरके दाते धरून ठेवतात. दोरी कडीतून उलटी फिरून येत असल्यामुळे वीस सेंटिमीटर ओढली की लाइन दहा सेंटिमीटर आखूड होते आणि जोर निम्मा लागतो. मला हे फार आवडलं. किनाऱ्यावर उभं राहून, लाइन कशालाही न बांधता, बार हातात घेऊन मी दोरी दोन-तीनदा ओढून पाहिली. छान सरकली. विकणारा सहा फुटांच्या वर होता. त्याने बारची लांबी आपल्या हाताला लावून घेतली होती, आणि दोरीचं लोंबणारं टोक अडकतं म्हणून कापून, गोळा अगदी क्लीटलगत वर बांधला होता. त्याच्यासाठी ते बरोबरच होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मोरजीला दुपारी तीनला चौदा नॉट वारा होता. टेंबवाड्याकडचा भाग कासवांच्या घरट्यांसाठी राखलेला असतो, त्यामुळे आम्ही आश्व्याच्या बाजूला उतरायचो. वारा जेमतेम म्हणून मी ट्रिम पूर्ण सोडून, म्हणजे सगळी ताकद ठेवून, पाण्यात गेले. अर्धा तास मजेत गेला. चारच्या सुमाराला वारा चढायला लागला. आधी पाण्याचा रंग बदलला, मग पांढरे तुरे दिसायला लागले. नंतर कळलं की तो बावीसपर्यंत गेला होता. माझं वजन चौपन्न किलो. त्या वाऱ्यात माझ्याकडे नऊची काइट नको होती. निदान ट्रिम तरी ओढलेला हवा होता.

मी बार पूर्ण वर ढकलला. तो माझ्या बोटांच्या टोकांवर गेला. तरी ओढ होतीच. आता ट्रिम ओढू म्हणून उजवा हात सोडून वर नेला. गोळा दिसत होता, बोटं त्याच्या खाली थांबत होती. पुढे वाकून पाहिलं. कमरेला हार्नेसची ओढ वर आणि पुढे असताना आणखी वाकता येत नाही. तिसऱ्यांदा हात वर टाकताना मी डाव्या हाताने बारला लटकले. अंग वर खेचावं म्हणून. म्हणजे बार अंगाकडे ओढला. ताकद कमी करायला गेले आणि हाताने ताकद वाढवली.

फळी पायातून सुटली. मी पाण्यातून उचलले गेले, किती उंच ते सांगता येणार नाही, पण पाय पाण्याला लागत नव्हते एवढं आठवतं. पडले ती कमरेएवढ्या पाण्यात. काइट लगेच पुन्हा ताणली आणि मला किनाऱ्याकडे ओढत नेऊ लागली. लाल क्विक रिलीज माझ्या छातीसमोर होतं. ते ढकललं की काइट एका लाइनवर लोळण घेते आणि ओढ संपते. हे मी शाळेत पन्नास वेळा केलेलं होतं. तरी मी ते ढकलायला उशीर केला. खरं कारण सांगते. काइट वाळूत आपटून फाटेल, बासष्ट हजार जातील, हे डोक्यात आलं. तीस-चाळीस मीटर फरफटल्यावर, गुडघा वाळूत घासला तेव्हा ढकललं. काइट निमूट पडली. तिला काही झालं नाही. गुडघ्याला सहा टाके पडले. फळी तासाभराने एका रापणकाराने आणून दिली. त्याने पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री म्हापशाच्या दवाखान्यातून परत येताना मी ठरवलं की क्लीट वाईट. शाळेतला पट्टा बरा होता. ही माझी दुसरी चूक. क्लीटमध्ये दोष नव्हता. पण गुडघा ठणकत असताना इतका विचार झाला नाही.

पुण्याला आल्यावर जुना पट्ट्याचा ट्रिम मिळवला आणि बारवर चढवला. पट्ट्याचं एक बरं, त्याचं टोक खाली लोंबतं. हात सहज पोचला. लाल टोक ओढलं की ताकद कमी, दुसरं टोक ओढलं की जास्त. दोरी सुटून वाऱ्यावर फडफडायचा प्रश्न नाही. मे महिन्याचे दोन आठवडे तो उत्तम चालला. फक्त ओढायला जड. त्याला उलटी फिरणारी कडी नव्हती, त्यामुळे वाऱ्यात पूर्ण भार हातावर यायचा. मी दोन झटक्यांत ओढायचे.

 मे संपता संपता काइट विचित्र वागायला लागली. सुरुवात चांगली व्हायची. पंधरा-वीस मिनिटांनी काइट वाऱ्यात मागे लटकायची, बार ओढला की उलट मागेच पडायची. काइट जुनी झाली, असं दोघांनी सांगितलं. लाइन ताणल्या असतील, असं तिसऱ्याने. भार मधल्या लाइनवर असल्याने त्या हळूहळू लांबतात, हे खरंच आहे. म्हणून सगळ्या लाइनची टोकं एका खांबाला बांधली, ट्रिम पूर्ण सोडला, बार अंगाकडे घेऊन ताणला. चारही सारख्या होत्या. मग नवऱ्याने सुचवलं की पट्ट्यावर बकलपाशी पेनाने रेघ मार. मारली. वीस मिनिटांनी पाण्यातून बाहेर आले तर रेघ बकलपासून तीन सेंटिमीटर सरकलेली. पट्टा आपोआप सुटत होता. मधल्या लाइन लांब होत होत्या, मी नको असताना.

दिवाळीला येवल्याला गेले तेव्हा तो पट्टा पिशवीतच राहिला होता. आमच्या आळीत पैठणी विणणारे एक काका आहेत. चहाला गेले असताना सहज दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, पट्टा खिडकीपाशी उजेडात नेला आणि अंगठ्याने उलटा घासला. बकल जिथे चावायचं तिथे बारीक लव उभी राहिली. "ही लव दिसतेय ना, हा ताणा आहे," ते म्हणाले. "बाणा आत लपलेला असतो. पट्ट्यात ओझं सगळं ताण्यावर. ताणा झिजला की पट्टा पातळ होतो. मग बकल त्याला धरील कसं?" मग त्यांनी बकल झटकलं. माझ्या फराळाच्या ताटलीशेजारी मोरजीची चिमूटभर वाळू पडली. मी प्रत्येक वेळी लाइन धुवायची, काइट धुवायची. बकल कधी उघडून धुतलं नव्हतं. वाळू आणि मीठ आत बसून ते पट्टा किसत होतं.

पट्टा वाईट असतो असं मी म्हणणार नाही. ज्यांचं वजन आणि हात मोठे आहेत, जे बकल उघडून गोड्या पाण्यात बुडवतात आणि झिजला की पट्टा बदलतात, त्यांचा वर्षानुवर्षं चालतो. मला तो ओढायला जड होता, आणि माझ्याकडून त्याची निगा झाली नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही रामेश्वरमला गेलो. पुण्याहून विमानाने मदुराई, तिथून साधारण १७० किलोमीटर रस्ता, पांबनचा पूल ओलांडून बेटावर. हिवाळ्यात तिथे ईशान्येचा वारा असतो, गोव्यापेक्षा भरवशाचा आणि जोरदार. आणि उथळ, सपाट पाणी. लाटांशी झगडायचं नसल्यामुळे हातातल्या वस्तूकडे लक्ष देता येतं. मी बार न घेताच गेले. भाड्याने घेईन, जितके प्रकार मिळतील तितके वापरीन, असं ठरवलं होतं.

तिथल्या प्रशिक्षकाला मी मोरजीची सगळी हकीकत सांगितली. तो मला अक्का म्हणायचा, मी त्याला अण्णा. त्याने काइट बाहेर काढलीच नाही. एक बार आणला, लाइनचं टोक खुंटाला बांधलं, मला हुक अडकवून मागे झुकायला लावलं. "डोळे मिटा आणि ट्रिम ओढा, अक्का," म्हणाला. हात हवेत गेला. दुसरा बार आणला. पुन्हा तेच. चौथ्या बारवर मूठ नेमकी गोळ्यावर बसली. तासाभरात मला जे कळलं ते आधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं. बार पूर्ण वर गेलेला असताना, अंग मागे झुकलेलं असताना, न बघता हात कुठे पोचतो, हे आधी बघायचं. क्लीट की पट्टा हा प्रश्न त्यानंतरचा.

त्या आठवड्यात बारच्या खाली क्लीट असलेला प्रकारही वापरला. दोरी बारच्या मधल्या भोकातून खाली येते आणि क्लीट जवळजवळ पोटाशी असतं. आखूड हाताला याच्यासारखं सुख नाही. पण त्याचं वेगळं आहे. ट्रिम जसजसा ओढाल तसतशी वरची गाठ खाली येते आणि बारला वर जायची जागाच कमी होते. म्हणजे जोराच्या वाऱ्यात, जेव्हा बार दूर ढकलायची सर्वांत जास्त गरज, तेव्हा तो लवकर अडतो. शिवाय ओढलेल्या दोरीचं टोक हुकाजवळ लोंबतं. मला दोनदा ते हुकात अडकलं. सवयीने जमलं असतं, पण मन बसलं नाही. ज्यांना बसतं ते दुसरं काही हातात घेत नाहीत, हेही पाहिलं.

एका पाहुण्याकडे ड्युओटोनचा क्लिक बार होता. त्यात बारच्या टोकाशीच ट्रिम असतो, हात बारवरून काढावाच लागत नाही. पाच मिनिटं हातात घेतला. हात पोचण्याचा प्रश्नच उरत नाही. किंमत ऐकून ठेवून दिला. शिवाय एवढी हलणारी यंत्रणा आमच्या वाळूत मला नेमाने धुता येईल का, याची मलाच खात्री नव्हती. बकलचा अनुभव ताजा होता.

शेवटच्या दिवशी अण्णाला माझ्या घरच्या बारचे फोटो दाखवले. त्याने फोटो मोठा करून चिकन लूपचा भाग पाहिला. चिकन लूप म्हणजे हुकात अडकवायची रबरी कडी. त्याच्या वरच्या आवरणावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे सरकवून बघा. आत गाठी असतील."

घरी आल्यावर जेवायच्या टेबलावर बार ठेवला आणि आवरण सरकवलं. आत मुख्य दोरीला तीन गाठी होत्या, सात-सात सेंटिमीटरवर. दोरी सर्वांत लांबच्या गाठीवर लावलेली. आधीच्या मालकाने आपल्या हाताप्रमाणे ती तिथे ठेवली होती. एक गाठ अलीकडे घेतली की क्लीट सात सेंटिमीटर खाली येत होतं. एक पैसा खर्च नव्हता. पाच मिनिटांचं काम होतं. मी ते टेबलाशी बसून केलं, आणि मग बराच वेळ तशीच बसून राहिले. गुडघ्यावरची खूण अजून गुलाबी होती.

पट्टा काढून क्लीट परत चढवलं. दोरी जुनी झाली होती, दात्यांपाशी तिचं वरचं विणलेलं आवरण फुलून आलं होतं. इथे आणखी एक चूक झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून दोरी आणली. मजबूत, स्वस्त, पण सहा मिलिमीटरची आणि गुळगुळीत. माझं क्लीट पाच मिलिमीटरचं. जाड दोरी खाचेत खोल बसतच नव्हती. अंगणात ओढून पाहिली तेव्हा धरली, जोरात झटका दिला की निसटली. बरं झालं अंगणात पाहिली. क्लीटला दोरीची जाडी ठरलेली असते, अर्धा-एक मिलिमीटरनेही फरक पडतो. शेवटी आत डायनीमा आणि वर पॉलिएस्टरचं आवरण असलेली पाचची दोरी मागवली. ती टणक असते, दाते तिला धरतात. टोक चार सेंटिमीटर लांब ठेवलं. अडकू नये म्हणून गोळ्याला वेल्क्रो शिवून घेतलं.

हिशोब असा झाला. क्लीट सात खाली आलं, गोळा आणखी चार. पूर्वी ६६ वर होता, आता ५५ वर. माझी मूठ ५८ पर्यंत जाते.

बारची धाव आखूड केल्याने एक नुकसानही होतं, ते सांगायला हवं. बार वर ढकलून जितकी ताकद आधी निघायची तितकी आता निघत नाही. सात सेंटिमीटर कमी म्हणजे कमीच. म्हणून आता मी ट्रिम आधी लावते, नंतर नाही. वाऱ्याचा भरवसा नसेल तर ट्रिम अर्धा ओढूनच पाण्यात उतरते. कमी वाटला तर आत गेल्यावर सोडते. सोडतानाही दोरी खाचेतून काढून एकदम मोकळी करत नाही, दोन बोटांत धरून थोडी थोडी जाऊ देते, कारण एकदम सुटली की सगळी ताकद एका क्षणात येते. ओढायची असेल तेव्हा काइट घड्याळातल्या अकरावर ठेवते, बार मध्याच्या थोडा वर. बाजूला खाली असलेल्या, पूर्ण ताणलेल्या काइटवर ट्रिम ओढायला गेलं की हातातला जोर फुकट जातो.

गाठ बदलल्यावर एक तपासणी मी दुसऱ्यांवर सोडली नाही. कमी वाऱ्यात, मोकळ्या वाळूवर, एक माणूस शेजारी घेऊन क्विक रिलीज ओढून पाहिलं. बार लाइनवरून पुरेसा वर सरकतो का, काइट एका लाइनवर सपाट पडते का, दोरीचं नवीन टोक कुठे गुंडाळलं जातं का. पहिल्यांदा वेल्क्रो सुटून गोळा लाइनला घासला. टोक दोन सेंटिमीटर कापलं. गोळा ५७ वर आला. दुसऱ्यांदा सगळं नीट झालं.

बाकी निगा साधी आहे. पाण्यातून आल्यावर क्लीट आणि चिकन लूप गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून दोरी दहा वेळा पुढे-मागे ओढते. नुसतं वरून पाणी ओतून वाळू निघत नाही. महिन्यातून एकदा दात्यांवर बोट फिरवते. कुठे धार लागली तर दोरी लवकर कापली जाते. बारच्या मधल्या भोकातून जाणाऱ्या मुख्य दोरीवरही लव आली आहे का ते पाहते, काकांनी पाहिली तशी, उलटी घासून.

त्यानंतर वारा असा चढण्याचा प्रसंग आलाच. मार्च २०२५, मांद्रे. पुन्हा चौदाचे वीस झाले, पुन्हा तसेच पांढरे तुरे. छातीत धडधड झाली, ती लपवत नाही. बार वर ढकलला, काइट अकरावर आणली, न बघता उजवा हात वर टाकला. गोळा हाताला लागला. एकदा ओढला, साधारण वीस सेंटिमीटर. ओढ उतरली. आणखी एकदा ओढला. मग किनाऱ्याकडे वळले आणि काइट उतरवून घेतली, कारण वीसमध्ये नऊची काइट माझ्यासाठी ट्रिम ओढूनही जरा जास्तच होती.

किनाऱ्यावर काइट धरायला कोल्हापूरची एक मुलगी आली होती. त्याच मोसमात शिकलेली, माझ्याहून बोटभर बुटकी. तिने नुकताच जुना संच घेतला होता. मी बॅगेतून शिंपिणीची टेप काढली. "आत्ता? वाळूत?" तिने विचारलं. मी तिच्या बारच्या लाइन एका माडाला बांधल्या, तिला हुक अडकवून मागे झुकायला सांगितलं आणि डोळे मिटायला लावले.

तिचा हात क्लीटच्या खाली चार बोटं थांबला. आम्ही दोघी वाळूत बसलो आणि चिकन लूपचं आवरण सरकवलं. तिच्या बारमध्ये दोनच गाठी होत्या. दोरी लांबच्या गाठीला लावलेली होती.